निवडणुकीपुरता चेहरा

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी सरकारला अचानक लोकशाहीची आठवण झाली. तोवर निवडणूक दोनदा पुढे ढकलली होती. कारण काय, तर शत्रू दाराशी उभा असताना घरात भांडायचं नसतं. तिसऱ्या वर्षी शत्रू दाराशीच होता, उलट एक पाऊल आत आला होता. पण आता सरकारचीच खुर्ची डुगडुगायला लागली होती, आणि कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं असणार की माणसाचे डोळे भरलेले असतात तोवर त्याला मतपत्रिकेवरची नावं नीट वाचता येत नाहीत. झाली निवडणूक जाहीर.

आमच्या गावातून उभा राहिला भोंगा. हे त्याचं खरं नाव नव्हे, गावाने ठेवलेलं. एकदा हवाई हल्ल्याचा इशारा आणि त्याचं भाषण एकाच वेळी सुरू झालं, आणि लोक तळघरात न जाता तसेच उभे राहिले, कारण कुणाला फरकच कळला नाही. त्याची कोळशाची वखार होती. युद्ध लागल्यावर तो युद्ध साहाय्य समितीचा अध्यक्ष झाला आणि गावातला सगळा कोळसा त्याच्या चिठ्ठीवर मिळायला लागला. समितीने युद्धाला किती साहाय्य केलं ते देव जाणे, युद्धाने भोंग्याला भरपूर केलं.

मी गावातल्या फोटो स्टुडिओत काम करते. सव्वीस वर्षं एकच काम, चेहरे दुरुस्त करायचं. काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल आणि चाकूचं टोक चालवायचं. पेन्सिलीने खड्डे भरतात, चाकूने उंचवटे जातात. बायकांची वयं कमी करायची, पुरुषांच्या हनुवट्या. युद्ध लागलं तशी बायका-पुरुषांची गिऱ्हाइकी आटली आणि पोरं यायला लागली. भरती झालेल्या पोराला वर्दी मिळे ती थेट तळावर, पण आईला तर वर्दीतला फोटो घरात हवा. म्हणून मालकांनी एक कोट शिवून घेतला. एकच कोट, सगळ्या गावाला. पाठीत वरपासून खालपर्यंत उभा फाडलेला, म्हणजे काटकुळ्याच्या पाठीत चिमटे लावून तो आवळायचा आणि जाड्याच्या पाठीत उघडा सोडायचा. समोरून बघाल तर जो तो सेनापती. त्याची पितळी बटणं मी माझ्या हाताने लावलेली आहेत.

पुढे काचा मिळेनाशा झाल्या तेव्हा मालक एका काचेवर दोघांना घ्यायला लागले. डाव्या अर्ध्यात एक पोरगा, उजव्या अर्ध्यात दुसरा. फोटो छापताना नको असलेला अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा, की झालं. माझा एकुलता एक मुलगा आणि इस्त्रीवाल्या मावशीचा एकुलता एक मुलगा असे एकाच दिवशी, एकाच काचेवर बसले. मावशीचा डावीकडे, माझा उजवीकडे. माझा सध्या इथून तीन तासांवरच्या तळावर कोठारात आहे, मोजे आणि पांघरुणं वाटतो. मावशीचा गेल्या थंडीत पूल सांभाळताना गेला.

मावशी ही माझी मावशी नव्हे, कुणाचीच नव्हे. सगळं गाव तिला मावशी म्हणतं म्हणून मीही म्हणते. वयाने ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

वरून हुकूम आला होता म्हणे, की प्रत्येक मतदारसंघाला आपला एक वीर हवा. भाषणात नुसतं ‘आपले जवान’ म्हटलं की लोक जांभया देतात, पण एक नाव, एक चेहरा आणि एक आई असेल तर टाळ्या पडतात. आमच्या गावचे तोवर एकोणीस गेले होते. त्यांतून एक निवडणं समितीला उमेदवार निवडण्यापेक्षा जड गेलं. एकाचा बाप विरोधी पक्षाचा. एक तापाने गेलेला, म्हणजे वीर म्हणायला जरा अडचणीचा. एकाच्या बायकोने दुसरं लग्न ठरवलेलं. शेवटी मावशीच्या मुलावर शिक्कामोर्तब झालं. तो पुलावर गेला होता, आणि त्याच्या घरी तंडायला येईल असं कुणी नव्हतं.

हाच मुलगा लहानपणी भोंग्याच्या वखारीबाहेर गाड्यांतून सांडलेले कोळसे वेचायचा, आईच्या इस्त्रीसाठी. तेव्हा भोंग्याने त्याचा कान धरून त्याला चौकापर्यंत नेलं होतं आणि चोर म्हणून सगळ्यांना दाखवलं होतं. आता त्याच चौकात भोंगा डोळे पुसत म्हणाला की तो मला पोटच्या मुलासारखा होता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं.

पोस्टरसाठी फोटो आजच्या आज पाठवा असा समितीचा निरोप आला तेव्हा मी स्टुडिओत नव्हते. मंगळवारी दुपारी गावातल्या बायकांना शाळेच्या हॉलमध्ये बसून जखमेच्या पट्ट्या गुंडाळाव्या लागत. त्या पट्ट्या तळावर जात आणि बहुतेक तिथेच कुजत, कारण पुढच्या महिन्यात आम्हाला परत त्याच धुऊन गुंडाळायला मिळत. तर फोटो मालकांनी छापला. मालक म्हणजे सत्तरीचा भला माणूस, पण भित्रा इतका की स्वतःच्या सावलीलाही ‘बसा’ म्हणेल. समितीचा माणूस दारात उभा राहून घड्याळाकडे बघतोय म्हटल्यावर त्यांचे हात कसे चालले असतील ते मला न सांगताही कळतं.

आठवड्याभरात पाच हजार पोस्टरं लागली. पोस्टरवाल्याने फोटोवरून चित्र काढलं होतं. पुढे बघणारे डोळे, चौकोनी हनुवटी, अंगात आमचा कोट. खाली मावशीच्या मुलाचं नाव आणि ‘अमर’. त्याखाली ‘त्याने प्राण दिले, तुम्ही मत द्या’. आणि सगळ्यांत खाली, मुलाच्या नावाच्या दुप्पट अक्षरांत, भोंग्याचं नाव. मी पहिलं पोस्टर पाहिलं आणि नाक मुरडून पुढे गेले. तो मला गावच्या सगळ्या पोरांसारखा दिसला, आणि तसा दिसावा म्हणूनच तर मी एवढी वर्षं डोळे फोडत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी स्टुडिओत आली. हातात इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं तसंच होतं. ती उभ्या उभ्या म्हणाली, “भिंतीवरचा माझा नाही.”

मालक हसले. मीही हसले, ते लपवणार नाही. मी तिला समजावलं की फोटोत माणूस वेगळा दिसतो, त्यात मी हात फिरवलेला, त्यावर पोस्टरवाल्याने आपला हात फिरवलेला, आणि रडून रडून डोळे आले की ओळखीचंही अनोळखी दिसतं. दुसऱ्याच्या डोळ्यांबद्दल माणूस किती ऐटीत बोलतो. तिने वाद घातला नाही. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, काहीतरी बोलायचं असावं तशी, मग मालकांकडे पाहिलं आणि ते गिळलं. म्हणाली, मग मला त्याचा एक छापून द्या, लहानसा चालेल. वर्दीतला फोटो तिने पैशांअभावी छापून घेतलाच नव्हता, आणि तिच्याकडे होता तो शाळेतला एकुलता एक फोटो तिने मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जाला जोडला होता. दाखला आला, फोटो कचेरीने ठेवून घेतला. मालक म्हणाले, कागद सगळा समितीच्या कामाला राखून ठेवलाय, निवडणूक झाली की बघू. मावशी बरं म्हणाली आणि गेली.

शनिवारी मी पावाच्या रांगेत उभी होते. पावाची रांग म्हणजे तास दीड तास, आणि बघायला समोर एक भिंत. भिंतीवर ओळीने सात पोस्टरं. शेजारच्या बाईशी बोलून झालं, सरकारला शिव्या घालून झाल्या, मग करणार काय, पोस्टर बघायला लागले. आणि माझी नजर बटणांवर गेली. माणसाची नजर आपल्या हातच्या कामावर आधी जाते. बटणं उलट्या बाजूला होती, बायकांच्या झग्याला असतात तशी.

मी ती बटणं उलटी लावलेली नाहीत. म्हणजे काच उलटी ठेवली गेली होती. मालकांनी घाईत काचेची पाठ कागदाकडे केली होती, म्हणून चित्र आरशातल्यासारखं फिरलं. इथवर मला गंमत वाटली. मालकांना कसं चिडवायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले. मग लक्षात आलं, काच फिरली की नुसती बटणं फिरत नाहीत. दोन्ही अर्धे फिरतात. मालकांनी डावा म्हणून जो उघडा ठेवला तो उजवा होता.

मी वर पाहिलं. त्या पोस्टरातल्या मुलाचा एक खांदा खाली होता. मी चेहरे दुरुस्त करते, खांद्यांना हात लावत नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना झाडावरून पडला तेव्हापासून त्याचा एक खांदा उतरता आहे, कोट चढवताना मीच म्हणाले होते की नीट बस रे. सात पोस्टरांतून माझा मुलगा सात वेळा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या खाली सात वेळा ‘अमर’ लिहिलं होतं. त्याचं पत्र मंगळवारीच आलं होतं, की इथले मोजे एका धुण्यात आटतात.

रांगेतून बाहेर पडले. पाव गेला तो गेलाच. लोकांना लाख नावं ठेवली मी जन्मभर, आणि पोटच्या पोराचा चेहरा चार दिवस भिंतीवर असून मला ओळखू आला नाही. परक्या पोराला बघून ‘हा माझा नाही’ म्हणायला मावशीला एक क्षण पुरला होता. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली, कारण जिवंत माणसाच्या खाली असलं काही लिहू नये असं मला एकदम, एखाद्या अडाणी बाईसारखं, वाटायला लागलं.

स्टुडिओत जाऊन काच उजेडात धरली. तसंच होतं. मालक खुर्चीत बसले आणि म्हणाले की कुणाला सांगू नका. मी म्हटलं, सांगायला भोंग्याकडेच निघालेय. ते आले नाहीत.

भोंग्याची कचेरी वखारीच्या वर आहे. भिंतीवर मोठ्या चौकटीत त्याचा फोटो, जो मीच दुरुस्त केलेला. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एवढ्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

“ताई, चेहरा कुणाचा का असेना,” तो म्हणाला. “गावचाच आहे ना?”

मी म्हटलं, तो जिवंत आहे. आणि जो गेला त्याच्या आईला दिसतंय की हा तिचा नाही. उद्या रविवारी मंत्री येणार, सभागृहात आठ फुटी चित्रावरचा पडदा तिच्या हातून दूर करणार, तिथे ती बोलली तर काय कराल?

“ती बोलणार नाही. तुम्ही तिला समजावणार आहात.” त्याने समोरचे कागद सारखे केले. “तुमचा मुलगा कोठारातच आहे ना अजून? तिथे माणसं जास्त झालीत म्हणून वरून पत्र आलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.”

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर सगळं गाव वाईट आणि मी तेवढी शहाणी असं दिसेल. माझा मुलगा कोठारात आपोआप पोचला नव्हता. दोन वर्षांपूर्वी भोंग्याचा हा चौकटीतला फोटो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्या तीनांपैकी दोन हनुवट्या काढल्या, कपाळावर केस आणले, आणि फोटो स्वतः त्याच्या घरी नेऊन दिला. त्याची बायको खूश झाली. मग मी म्हटलं, माझ्या मुलाचा खांदा जरा उतरता आहे, बंदूक धरायला त्रास होईल. भोंग्याने तळाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि मी तर नुसते पाय धरले नाहीत, गाढवाचा घोडा करून दिला. त्याच गाडीने गेलेला मावशीचा मुलगा पुलावर गेला. त्याच्यासाठी चिठ्ठी मागायला कुणी नव्हतं.

तर माझी ही जीभ, जिला सगळं गाव भितं, ती त्या दिवशी मूग गिळून बसली. मी बरं म्हटलं. निघताना भोंग्याने आठवणीने सांगितलं की मावशीला म्हणावं, कोळशाची काळजी करू नका.

मावशीची खोली गिरणीच्या मागच्या बोळात आहे. एका खोलीत सगळं: भिंतीला लावलेली खाट, खिडकीखाली टेबल, टेबलावर चार घड्या घातलेलं घोंगडं, त्यावर जळका पांढरा कपडा. दोरीवर दुसऱ्यांचे सदरे. ती लोखंडी इस्त्रीत फुंकर घालत होती, पण आत कोळसा मूठभर, बाकी राख. एका सदऱ्यावरून तिला चार चारदा हात फिरवावा लागत होता. मी स्टुलावर बसले आणि कोळशाची टंचाई, सुरकुत्या, हवा असं काहीबाही बोलत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, त्यामुळे ते जमलंही नाही.

“तो तुमचा आहे,” मावशी म्हणाली.



ती सदऱ्यावरून नजर न काढता बोलत राहिली. तुमच्या घरचे कपडे आठ वर्षं माझ्याकडे येतायत. त्याचे सदरे एका खांद्यावर कायम खेचलेले असतात, तिथली शिवण मलाच दोनदा घालावी लागली. मी कपडा उलटा करून इस्त्री करते, म्हणून तो खांदा मला नेहमी दुसऱ्याच बाजूला दिसतो. भिंतीवर अगदी तसाच दिसला. पहिल्याच दिवशी कळलं.

मी विचारलं, मग त्या दिवशी स्टुडिओत का नाही बोललात?

“मालक होते,” ती म्हणाली. “आणि जिवंत पोराचं नाव मेलेल्यात कशाला घ्यायचं, ताई?”

मग माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. काच, भोंगा, कोठार, वरून आलेलं पत्र, माझी दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठीसुद्धा. चिठ्ठीचं ऐकून तिने इस्त्री ठेवली. मला वाटलं आता ही मला हाकलणार, आणि हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. ती खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. बोळाच्या भिंतीवरही एक पोस्टर होतं.

“मी उद्या हो म्हणते,” ती म्हणाली. “पण मला माझ्याचा फोटो द्या. मला त्याचा चेहरा नीट आठवेनासा झालाय. हा भिंतीवरचा मध्ये येतो.”

मी म्हटलं, सोमवारी देते. कागद कुठूनही आणते.

रविवारी सकाळी सभागृह खच्चून भरलं. चित्रावर पडदा होता, त्या पडद्यालाही इस्त्री मावशीकडूनच करून घेतली होती. वीरमातेचा मान म्हणून, असं समितीच्या चिटणिसाने जाहीरही केलं. भोंगा पाऊण तास बोलला. पुलाचं वर्णन त्याने असं केलं की जणू पुलावर दुसरा तोच होता. विरोधकांना मत म्हणजे या पोराच्या छातीत दुसरी गोळी, असं तो म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतला विरोधकांचा माणूसही चपापून टाळ्या वाजवायला लागला. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिले होते, पण ताट मांडून, सगळ्या गावाला पंगतीला बसवून खाणारा हा पहिलाच.

मग मावशीला पुढे आणलं. तिने दोरी ओढली. आठ फुटांचा माझा मुलगा उलट्या बटणांचा कोट घालून सभागृहावर नजर रोखून उभा राहिला. मंत्र्यांनी वाकून, वार्ताहरांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने, विचारलं, “आई, हाच ना तुमचा मुलगा?”

मावशीने चित्राकडे पाहिलं. मग तिने माणसांत मला शोधलं. मी तिसऱ्या रांगेत होते, खाली बघायचं ठरवूनही मला खाली बघता आलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “माझाच.”

एवढंच ठरलं होतं. टाळ्या सुरूही झाल्या. पण ती हलली नाही. तिने मंत्र्यांचा हात धरला आणि भोंग्याकडे बघत म्हणाली, “याला जपा. याला कुठे पाठवू नका. सगळ्यांच्या समोर सांगते.”

सभागृहात हुंदके फुटले. बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही, शेजारची बाई मला डोळे पुसत म्हणाली. मंत्र्यांनी मावशीचा हात थोपटत शब्द दिला की तुमच्या मुलाला हा देश जपेल. भोंग्याचा चेहरा तेवढा कोळशासारखा झाला, कारण एवढ्या माणसांत तिचं बोलणं कळलेले तो, मी आणि ती स्वतः असे आम्ही तिघंच होतो. त्यानंतर कोठाराबद्दलच्या पत्राला भोंग्याने काय उत्तर दिलं मला माहीत नाही, पण माझा मुलगा आजही मोजेच वाटतो.

निवडणुकीचं सांगायला नको. भोंगा एवढ्या मतांनी आला की त्याला स्वतःलाच जरा संशय आला असेल. सध्या तो कोळसा खात्याचा उपमंत्री आहे. युद्ध चालूच आहे. पोस्टरं धुऊन निघाली, आता तिथे युद्धाचे रोखे घ्या म्हणून नवी लागली आहेत. पण माझ्या मनात अडकून राहिलाय तो सोमवार.

सोमवारी मी स्टुडिओ उघडायच्या आधी गेले. समितीसाठी राखलेल्या कागदांतला सगळ्यात चांगला कागद काढला. मालकांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं, तेवढं धैर्य त्यांच्यात होतं. काच सुलटी ठेवली, दोनदा तपासली. उजवा अर्धा झाकला, डावा छापला. इतका स्वच्छ फोटो माझ्या हातून वर्षभरात निघाला नव्हता. वाळवला, कडा कापल्या, जाड कागदावर चिकटवला. चालत जाताना मी स्वतःवर जरा खूश होते, हेही सांगून टाकते. वाटत होतं, निदान एक गोष्ट तरी या गावात धड होतेय.

मावशीने हात पुसले, फोटो दोन्ही हातांत घेतला आणि खिडकीशी नेला. बराच वेळ पाठमोरी उभी होती. मला वाटलं रडतेय, म्हणून मी दोरीवरचे सदरे बघत बसले.

“हा कोण?” तिने विचारलं.

मी उठले. म्हटलं, मावशी, हा तुमचाच, या वेळी काच मी स्वतः ठेवली, बटणं बघा. तिने बटणांकडे पाहिलंच नाही. फोटोतल्या गालावर बोट ठेवलं.

“इथे डाग होता. दीड वर्षाचा असताना गाल इस्त्रीला लागला होता. बोटाएवढा, चकचकीत. तो हसला की ओढला जायचा.” मग बोट वर गेलं. “आणि हा डोळा बारीक होता. दोन्ही सारखे नव्हते त्याचे.”

मी फोटो हातात घेतला. गाल अंड्यासारखा गुळगुळीत. डोळे दोन्ही सारखे, मोठे, पुढे बघणारे. चकचकीत डाग काचेवर काळा उतरतो, तो चाकूने खरवडावा लागतो. म्हणजे मी तो खरवडला होता. मला आठवेना. त्या दिवशी मी वीसेक पोरं केली असतील, रेडिओ ऐकत, सरकारला नावं ठेवत. पेन्सिलीचं काम ओल्या कापसाने पुसून काढता येतं. खरवडलेलं परत येत नाही.

मी तिला तसं सांगितलं. मग म्हटलं, तुम्ही जागा दाखवलीत तर मी कागदावर रंगाने डाग काढून देईन, कुणाला कळणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलले ते मला तेव्हा कुठे ऐकू आलं.

तिने फोटोची कड पदराने पुसली आणि तो माझ्या हातात परत दिला.

“तुमच्याकडेच असू दे, ताई,” ती म्हणाली. “त्यांना पुढच्या निवडणुकीला लागेल.”

आणि तिने इस्त्री उचलली. या खेपेला सदऱ्यावरून एकदाच हात फिरवावा लागला. शब्दाला जागून भोंग्याने रविवारीच कोळसा पाठवला होता.